कोविडची धास्ती आणि नर्सिंगचा प्रवेश

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला असून तिला बी.एस्सी. नर्सिंगच करायचे आहे. माझी नणंद ठाण्यात परिचारिका आहे. २०२० मध्ये कोविड ड्यूटीवर तिचे झालेले हाल आम्ही जवळून पाहिले. सोसायटीने तिला लिफ्टसुद्धा वापरू दिली नव्हती. पुन्हा तशी साथ आली तर मुलीचे काय, या विचाराने मन धजावत नाही.
– एक आई, ऐरोली

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपली भीती अनाठायी नाही आणि साथ पुन्हा येणार नाही, असा दिलासाही मला देता येणार नाही. मात्र त्या काळात रुग्णालयातल्या माणसांना नेमके कशाने जेरीस आणले, ते आधी पाहू या.

संसर्गाचा धोका तर होताच; आरोग्य कर्मचाऱ्यांना लस मिळू लागली ती थेट १६ जानेवारी २०२१ पासून. पीपीई किट एकदा चढवले की पाणी पिणे आणि स्वच्छतागृहात जाणे बंद होई, आपल्याकडच्या दमट उकाड्यात गॉगलवर वाफ धरे आणि तशाच अंधुक नजरेने शीर शोधून सलाइन लावावे लागे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथे झोपवायचे तर चार-पाच जण लागतात. एकाने डोके आणि घशातली नळी धरून ठेवायची, बाकीच्यांनी त्याच्या इशाऱ्यावर एकदम वळवायचे, कारण नळी निसटली तर रुग्णाचा श्वासच थांबू शकतो. रात्रपाळीला वॉर्डात दोनच सिस्टर असतील, तर हे कोणी करायचे?

माझ्या मते खरे दुखणे इथेच होते. वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये आणि बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये खाटा थोड्या काळात उभ्या राहिल्या, पण बी.एस्सी. झालेली एक परिचारिका तयार व्हायला चार वर्षे लागतात. त्यात सोबतची एखादी पॉझिटिव्ह आली की तिच्या पाळीचा भार उरलेल्यांवर पडे. करारावर घेतलेल्या अनेकांची नोकरी तर साथ ओसरताच संपली, आणि याची चीड मला आजही आहे. वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार यांची स्थिती याहून बिकट होती.

नातेवाइकांना आत प्रवेश नसल्याने रुग्णासमोर व्हिडिओ कॉल धरून उभे राहणेही परिचारिकेच्याच वाट्याला आले. हा मनावरचा ताण हलका करणारी व्यवस्था फार थोड्या ठिकाणी होती.

आपल्या नणंदबाईंना सोसायटीने दिलेल्या वागणुकीबद्दल एक माहिती असू द्यावी. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आणि पुढे त्याच वर्षी संसदेने केलेल्या दुरुस्तीने १८९७ च्या साथरोग कायद्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसा हा अजामीनपात्र गुन्हा ठरला असून, साथीच्या काळात काम करणे अशक्य व्हावे असा राहत्या जागी दिलेला त्रासही त्यात येतो.

तेव्हा मुलीला अडवण्याऐवजी महाविद्यालय पारखून घ्यावे, असे मी सुचवेन. भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता पाहावीच, पण तेवढ्यावर थांबू नये. प्रात्यक्षिके कोणत्या रुग्णालयात होतात, रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात, विद्यार्थिनींना हिपॅटायटिस बीची लस दिली जाते का, किट चढवण्या-उतरवण्याचा सराव खरोखर होतो का, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींनाच विचारावे. किट उतरवताना झालेली चूक संसर्गाला वाट करून देते, म्हणून या सरावाबाबत मी आग्रही आहे. पुढे नोकरी घेतानाही पगाराआधी मनुष्यबळ आणि नेमणुकीचे स्वरूप पाहावे.

राहिला प्रश्न मुलीच्या मनाच्या तयारीचा. आत्याचे हाल पाहूनही तिला हेच करायचे आहे, याला मी फार महत्त्व देतो. तरी दोघींना एक संध्याकाळ निवांत बोलू द्यावे. आपण तेव्हा समोर नसलेले बरे, म्हणजे आत्या काही लपवणार नाही आणि मुलगीही मोकळेपणी विचारील. सीईटीचा अर्ज मात्र तोवर अडवून ठेवू नये. अर्ज भरला म्हणून प्रवेश घेतलाच पाहिजे असे नाही, पण मुदत उलटली तर तिचे वर्ष जाईल.