शून्य नंबरची कॅन्डल नेमकी कुठली?

प्रश्न : सर, मी सांगलीचा, नोकरी सांभाळून संध्याकाळी कोडिंग करतो. निफ्टीचा 5 मिनिटांचा डेटा आहे, म्हणजे दर 5 मिनिटांच्या भावांची एक कॅन्डल, पायथॉनमध्ये लॉजिक मस्त चाललं म्हणून तेच मेटाट्रेडर 5 या ट्रेडिंग सॉफ्टवेअरमध्ये कस्टम सिंबॉल (स्वतःच्या डेटाचा चार्ट) बनवून उतरवलं, तर सगळं उलटंच दिसायला लागलं. कालच्या दिवसाचा हाय (सगळ्यात वरचा भाव) काढायला मी 75 कॅन्डल मागे जातो, तोही कधी बरोबर येतो कधी चुकतो, आणि मधेच ‘ॲरे आउट ऑफ रेंज’ (यादीत नसलेली जागा मागितली) अशी एरर येऊन इंडिकेटर (चार्टवर हिशेब दाखवणारा प्रोग्रॅम) बंद पडतो. कुठं चुकतंय?

उत्तर : चूक एक नाहीये भाऊ, तीन आहेत, पण तिन्हीचं मूळ एकच, तुम्ही इंडेक्स (ॲरेतला, म्हणजे आकड्यांच्या यादीतला, जागेचा नंबर) डोक्यात मोजताय.

आधी उलटंसुलटं बघू. समजा पाच कॅन्डलचे क्लोज (बंद होतानाचे भाव) आहेत 101, 104, 103, 107, 110, जुन्याकडून नव्याकडे. पायथॉनच्या लिस्टमध्ये शून्यावर 101 बसतो. मेटाट्रेडरमध्ये त्याच ॲरेवर ॲरेसेटॲजसीरीज (नव्याकडून जुन्याकडे मोजायला लावणारं फंक्शन) लावलं की शून्यावर 110, म्हणजे अजून चालू असलेली कॅन्डल. डेटा मेमरीत जागचा हलत नाही, फक्त मोजायची बाजू बदलते. त्यामुळे रूपांतर सोपं आहे, एकूण संख्या वजा 1 वजा इंडेक्स. सीरीजमधला 1 म्हणजे 5 वजा 1 वजा 1, साध्या ॲरेतला 3, दोन्हीकडे 107. एवढ्या एका ओळीचं छोटं फंक्शन करून ठेवा आणि कोडमध्ये दुसरीकडे कुठंही ही वजाबाकी हाताने लिहू नका, मी लिहायचो, दर चौथ्या वेळेला तो वजा 1 विसरायचो. ऑनकॅल्क्युलेटमध्ये (इंडिकेटरला डेटा देताना मेटाट्रेडर चालवतो ते फंक्शन) येणारे ॲरे कुठल्या बाजूने येतील हे गृहीत धरू नका, सुरुवातीलाच प्रत्येकाची दिशा स्वतः ठरवून टाका.

आता 75. सव्वानऊ ते साडेतीन म्हणजे 375 मिनिटं, म्हणून 75 कॅन्डल, हिशेब बरोबर आहे, पण लक्ष्मीपूजनाला काय कराल? मुहूर्त ट्रेडिंग तासाभराचं, म्हणजे 12च कॅन्डल. त्यानंतरच्या ट्रेडिंगच्या दिवशी सकाळी 10 च्या कॅन्डलवरून 75 मागे गेलात तर मुहूर्ताचं सेशन ओलांडून त्याच्याही आदल्या दिवसाच्या 11 च्या कॅन्डलवर जाऊन पडता. डेटात एखादी कॅन्डल गळाली असेल तरी हेच. म्हणून मोजू नका, वेळ विचारा. त्यासाठी आयबारशिफ्ट आहे, वेळ द्या, इंडेक्स घ्या. त्यातली गंमत अशी की तुम्ही आजची तारीख सुरू होतानाचे रात्रीचे 12 दिलेत आणि एक्झॅक्ट फॉल्स (नेमकी तीच वेळ नसली तरी चालेल) ठेवलं, तर त्या वेळी बाजार बंद असल्यामुळे त्याआधीची सगळ्यात जवळची कॅन्डल मिळते, म्हणजे मागच्या सेशनची शेवटची. हेच तर हवंय! तिची तारीख घ्या, ती तारीख सुरू होतानाचे रात्रीचे 12 देऊन पुन्हा विचारा, आलेल्या आकड्यातून 1 वजा केला की त्या सेशनची पहिली कॅन्डल. या दोघींच्या मधला सगळ्यात मोठा हाय तो तुमचा ‘कालचा’, मग मधे शनिवार येऊ दे नाहीतर बलिप्रतिपदा.

आणि तो आउट ऑफ रेंज. सुरुवातीच्या कॅन्डलना मागे 75 नसतातच, तिथं आपटणारच. आयबारशिफ्ट वापरलं तरी मागितलेल्या वेळेआधीची हिस्टरी नसेल तर ते वजा 1 देतं, तो तसाच कंसात टाकला की प्रोग्रॅम बंद. पण खरं सांगू का, मेटाट्रेडर निदान बोंब तरी मारतो. पायथॉनमध्ये वजा 1 म्हणजे शेवटचा घटक! तिथं वेळेवरून जागा शोधायला सर्चसॉर्टेड वापरून 1 वजा करत असाल, तर डेटा सुरू होण्याआधीची वेळ दिल्यावर उत्तर वजा 1 येतं आणि गुपचूप सगळ्यात नवी किंमत हातात पडते. बॅकटेस्टला (जुन्या डेटावरच्या चाचणीला) भविष्य दिसतं हो, नफा झकास येतो. तुमचं ते ‘मस्त चाललं’ एकदा या नजरेने तपासा. इंडेक्स शून्यापेक्षा लहान किंवा एकूण संख्येइतका किंवा त्याहून मोठा आला की किंमत द्यायचीच नाही, असं फंक्शन दोन्हीकडे हवं.

एक राहिलं, ॲरे घेताना कंसात आकडा टाकून ठेवू नका. तशा स्टॅटिक ॲरेची दिशा बदलत नाही, ॲरेसेटॲजसीरीज फक्त फॉल्स देतं, आणि तो फॉल्स कुणी बघत नाही.