काळ्या रानातली अक्षरं

प्रश्न: निपाणीजवळच्या आमच्या रानात मातीच्या सर्व्हेवाल्यांनी पुरुषभर खड्डा काढून वहीत ‘एपी’, ‘बीएसएस’, ‘के’ असं लिहून नेलं. माती तळापर्यंत काळीच, मग थर कसले? – एक शेतकरी

उत्तर: दादा, पहिल्या खड्ड्यात मलाही सगळं काळंच दिसलं होतं. ‘एपी’ म्हणजे नांगरटीचा थर. त्याखालचं ढेकूळ हातानं फोडा. तिरकी, तुकतुकीत, घासल्यासारखी पाठ दिसेल. चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, ढेकळं एकमेकांवर घसरतात. ‘बीएसएस’मधला ‘बी’ म्हणजे नांगरटीखालचा थर, आणि ही घसरण ‘एसएस’ची खूण. ‘के’ म्हणजे साठलेला चुना. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडला की फसफसतो. मात्र कुदळीनं घासलेली खड्ड्याची भिंत बघू नका, तीही तुकतुकीत दिसते. मी त्यात एकदा फसलोय. सुरीनं आधी खरवडा.