एका दिवसात राजवाडा, भोजन आणि बॅले

प्रश्न : रशियाच्या प्रवासात आम्हां पती-पत्नीला सेंट पीटर्सबर्गमध्ये एकच मोकळा दिवस मिळणार आहे. त्या दिवशी हर्मिटाज संग्रहालय आणि त्सार्स्कोये सेलो येथील कॅथरीन राजवाडा असे दोन्ही पाहावे, चांगल्या उपाहारगृहात निवांत जेवावे आणि संध्याकाळी मारिन्स्की थिएटरात बॅले पाहावा, असा विचार आहे. आम्ही शाकाहारी आहोत. हे सारे जमेल का? — एक वाचक

उत्तर : जमेल, मात्र एक राजवाडा सोडावा लागेल, आणि तो कॅथरीन राजवाडा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथील अंबर दालन (भिंतींवर अंबर या पिवळसर जीवाश्म राळेचे काम असलेली खोली) नाझी फौजांनी १९४१ मध्ये लुटून नेले आणि अनेक वर्षांच्या कामानंतर ते २००३ मध्ये नव्याने उभे राहिले. ते पाहण्याजोगे आहे यात शंका नाही, पण शहरापासून सुमारे २५ किलोमीटर जाणे, रांगेत थांबणे आणि परतणे यांत जी शक्ती खर्च होते, ती संध्याकाळी तुम्हांला हवी आहे. मध्यंतरे धरून तीन तासांचा बॅले थकलेल्या डोळ्यांनी पाहण्यात काही अर्थ नाही.

शिवाय तुमच्या संध्याकाळच्या बॅलेचे मूळच हिवाळी राजवाड्यात, म्हणजे आजच्या हर्मिटाजच्या मुख्य वास्तूच्या जागी, सापडते. १७३८ मध्ये सम्राज्ञी आन्नाच्या आज्ञेने लांदे या फ्रेंच नृत्यशिक्षकाने तत्कालीन हिवाळी राजवाड्याच्या खोल्यांत राजसेवकांच्या मुलामुलींना नृत्य शिकवण्यास आरंभ केला, आणि त्याच शाळेची परंपरा आजच्या वागानोवा बॅले अकादमीपर्यंत येते. आज दिसणारी इमारत मात्र त्यानंतरची, वास्तुविशारद रास्त्रेलीने १७५४ ते १७६२ या काळात उभारलेली आहे.

सकाळी हर्मिटाजचे दार उघडताच आत जावे. सोमवारी संग्रहालय बंद असते, हे तिकीट काढताना लक्षात ठेवावे. जॉर्डन जिना, १८१२ च्या युद्धातील सेनानींच्या चित्रांचे दालन, सिंहासनगृह आणि मॅलाकाइट दालन हा क्रम ठेवावा. मॅलाकाइट या हिरव्या दगडाने सजलेल्या या दालनाची शोभा १८३७ च्या आगीनंतरच्या पुनर्बांधणीतली आहे. त्याला लागूनच असलेल्या लहान भोजनगृहात १९१७ च्या क्रांतीच्या रात्री हंगामी सरकारच्या मंत्र्यांना अटक झाली. अनेक प्रवासी त्या साध्याशा खोलीतून न थांबता पुढे जातात, तसे तुम्ही करू नये. त्यानंतर रेम्ब्रांची चित्रे पाहावीत आणि बाकीचा मोह आवरावा.

मुख्य जेवण दुपारी दोन-तीनच्या सुमारास घ्यावे. बॅले बहुधा संध्याकाळी सातला सुरू होतो, आणि सहा वाजता सुरू केलेले जेवण ना जिभेला न्याय देते ना नृत्याला. एकामागून एक पदार्थ वाढण्याची जी रीत आज युरोपातील उंची उपाहारगृहांत दिसते, ती 'रशियन पद्धत' म्हणूनच एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये पोहोचली. त्यामुळे येथे घाई न करता तिचा आस्वाद घ्यावा. स्मेताना म्हणजे आंबट सायीसह ब्लिनी (पातळ धिरडी), अळंबीचे पदार्थ, बटाटा किंवा चेरी भरलेले वारेनिकी (उकडलेल्या करंज्या) तुम्हांला चालतील. बोर्श्च हे बीटाचे सूप पुष्कळदा मांसाच्या रश्श्यात शिजवतात, म्हणून आधी विचारावे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाच्या काळात मांस, दूध व अंडी वर्ज्य असलेले पदार्थ वेगळ्या यादीत मिळतात. त्यांत मासे नाहीत ना, एवढे पाहावे. २०२२ पासून परदेशी व्हिसा व मास्टरकार्ड तेथे चालत नाहीत, तेव्हा रोख रूबल जवळ असावेत.

राजवाड्यापासून मारिन्स्की सुमारे दोन किलोमीटरवर आहे. सेंट आयझॅक कॅथेड्रलवरून रमतगमत चालत जाता येते. तिकीट काढताना १८६० चे जुने नाट्यगृह आणि २०१३ मध्ये उघडलेले नवे, यांतील कोणते ते तपासावे. तुमच्यासाठी जुनेच योग्य. नृत्यरचनाकार मारियूस पेतिपाची 'स्लीपिंग ब्यूटी' १८९० मध्ये येथेच प्रथम सादर झाली. त्याच्याच 'ला बायादेर'चा प्रयोग त्या दिवशी असेल, तर मी तो आधी निवडेन, कारण त्यातील छायांच्या प्रवेशात ३२ नर्तकी एकाच लयीत, एकामागून एक उतरणीवरून खाली येतात आणि रंगमंच हळूहळू भरत जातो. ही रचना खालच्या खुर्च्यांपेक्षा वरच्या मजल्याच्या मधल्या, पुढच्या रांगेतून अधिक चांगली दिसते, आणि तेथील तिकीट बहुधा स्वस्तही असते. अगदी कडेचे बॉक्स मात्र टाळावेत, कारण तेथून रंगमंचाचा एक भाग दिसतच नाही.