४७व्या वर्षी नोकरी सोडून प्रवास आणि चित्रकला: व्यवहारात बसते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४७, पुण्यातील खासगी कंपनीत नोकरी, मूळ घर सोलापुरात, मुलीचे शिक्षण संपत आलेले, अशा वेळी नोकरी सोडून पती-पत्नी दोघांनी पूर्णवेळ प्रवास करावा आणि शाळेनंतर सुटलेली चित्रकला पुन्हा हाती घ्यावी, हे जमण्यासारखे आहे का? मी २०१८ साली, वयाच्या ५१व्या वर्षी, एका राष्ट्रीयीकृत बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तेव्हापासून सोलापुरात राहून हेच करतो आहे. जमते, असे माझे उत्तर आहे. मात्र तुमच्या प्रश्नातला ‘पूर्णवेळ’ हा शब्द मी खोडला असता, आणि तो पैशाच्या अडचणीमुळे नव्हे.

तरी पैशाचे आधी सांगतो, कारण माझी आणि तुमची स्थिती सारखी नाही आणि ते लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. बँकांच्या १९९५च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे २० वर्षांची सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन निवृत्त होता येते आणि हिशेबाच्या सेवेत पाच वर्षांपर्यंत भर मिळते. त्यामुळे माझी २७ वर्षे ३२ धरली गेली आणि पूर्ण निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या ३३ वर्षांच्या मी अगदी जवळ पोहोचलो. शिवाय माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, ती २०२२ साली निवृत्त झाली. ज्या घरात दोन निवृत्तिवेतने येतात त्या घराच्या निर्णयाला धाडस म्हणण्याचे कारण नाही.

तुमचे तसे नाही. भविष्य निर्वाह निधीशी जोडलेले निवृत्तिवेतन १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर मोजले जाते, त्यामुळे वाढीव निवृत्तिवेतनाचा पर्याय घेतला नसेल तर २२ वर्षांच्या सेवेलाही दरमहा फार तर पाच हजारांच्या आसपास रक्कम हाती येते, तीही ५८व्या वर्षी. पन्नाशीपासून घ्यायचे ठरवले तर ५८च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा आधारही तुम्ही तूर्त धरू नका, कारण ते खाते साधारणतः साठीनंतर उघडते आणि पंचावन्ननंतर निवृत्तीचे पैसे नुकतेच मिळालेल्यांना त्याआधी. मी ५१व्या वर्षीच निवृत्त झालो, त्यामुळे मलाही साठीपर्यंत थांबणे भाग आहे. म्हणून तुमच्यासारख्याने वार्षिक खर्चाच्या किमान ३३ पट रक्कम, राहते घर सोडून, हाताशी असल्याशिवाय राजीनामा देऊ नये, असे माझे मत आहे. महिन्याला ५०,००० खर्च असेल तर ती सुमारे दोन कोटी होते. आकडा मोठा वाटेल, पण महागाई ६ टक्के धरली तरी खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो आणि तुम्हाला कदाचित चाळीस वर्षे काढायची आहेत. आरोग्यविमा मात्र आजच, नोकरीत असतानाच, स्वतःच्या नावाने घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो आणि तो पगार चालू असताना सरलेला बरा.

आता ‘पूर्णवेळ’ या शब्दाविषयी. प्रवास आणि चित्रकला हे एकमेकांचे सोबती आहेत, अशी माझीही समजूत होती. मी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, त्यानंतर थेट पन्नाशीत रंगपेटी उघडली. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात रेल्वेचे सर्क्युलर जर्नी तिकीट काढले, ज्यात प्रवास मोडून आठ ठिकाणी उतरता येते, आणि त्यातला एकही थांबा वाया जाऊ द्यायचा नाही या बँकेतल्या हिशेबी सवयीने आठही ठिकाणी उतरलो: चेन्नई, तंजावर, मदुराई, कन्याकुमारी, तिरुवनंतपुरम, एर्नाकुलम, म्हैसूर आणि हुबळी. दिवस २४, खर्च एकट्याचा ५२,००० रुपये. तंजावरला १०१० साली पूर्ण झालेल्या बृहदीश्वर मंदिरासमोर दोन तास बसलो, तेवढ्यात विमानाचे, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराचे, खालचे दोन मजले कागदावर आले आणि गाडीची वेळ झाली. भोसल्यांनी त्याच मंदिराच्या भिंतीवर कोरवून घेतलेला प्रचंड मराठी शिलालेखही धावत पाहिला. सोलापूरला परतलो तेव्हा वहीत ३१ अर्धवट चित्रे होती. ती मोबाइलमधले फोटो पाहून पूर्ण करायला बसलो आणि लक्षात आले की, हे तर नोकरीत असतानाही रविवारी घरी बसून करता आले असते.

पुढच्या वर्षी बदामीला गेलो, फक्त बदामीला, नऊ दिवस. होटगीहून विजापूरमार्गे गदगकडे जाणारा लोहमार्ग आपल्या दारातूनच जातो, पण सोलापूरकर त्याचा फारसा उपयोग करीत नाहीत, याचे मला नवल वाटते. अगस्त्य तीर्थाच्या काठी भूतनाथ मंदिरासमोर रोज दुपारी चारला बसायचे, असा नेम केला. पहिले तीन दिवस चित्रे वाईटच झाली. मागचा तांबडा वालुकाश्म मी बर्न्ट सिएना या एकाच तांबूस तपकिरी रंगाने रंगवत होतो. चौथ्या दिवशी दिसले की, ऊन कलते तसा कडा आधी पिवळसर, मग केशरी आणि शेवटी जवळजवळ जांभळा होतो, आणि हे सगळे पाऊण तासात घडते. पाचव्या दिवसापासून मी आधी सावल्यांचे रंग लावू लागलो. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका तोवर मला ओळखू लागल्या होत्या आणि सोलापूरच्या गल्लीत शिकलेल्या माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडला हसत उत्तरे देत होत्या. त्या मुक्कामात सहाच चित्रे झाली, पण ती पूर्ण झाली. खर्चही पहिल्या सहलीत दिवसाला सुमारे २,१७० पडला होता, तो येथे १,१०० वर आला, कारण प्रवासात खरा पैसा स्थानक बदलण्यात जातो. एका खोलीत आठवडाभर राहणाऱ्याला लॉजवाला भाडे कमी करतो आणि खानावळवालाही ताट राखून ठेवतो.

तेव्हापासून वर्षातून चार-पाच मुक्काम करतो, प्रत्येक दोन ते तीन आठवड्यांचा, आणि बाकीचा काळ घरी असतो. घरी ८४ वर्षांची आई आहे, तिच्याजवळ बहीण येऊन राहते तेवढेच दिवस आम्हाला मिळतात, हे एक कारण आहेच. पण आई नसती तरी मी असेच केले असते, कारण बाहेर केलेल्या कच्च्या चित्रांवर काम करायला टेबल, उजेड आणि सलग दिवस लागतात. ऋतूंचेही भान ठेवावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात ऊन इतके असते की, जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, पसरण्याआधीच वाळून त्याच्या कडा उमटतात. उलट पावसाळ्यात कोकणात तोच कागद दोन तास ओला राहतो. जानेवारीत मी कुठेही जात नाही. तेव्हा सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते; तीत बाराबंदी हा पांढरा पारंपरिक पोशाख घातलेले मानकरी सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, पेलत निघतात, ते चालत्या माणसांचे चित्र अजून मला साधलेले नाही.

लोकांच्या बोलण्याची तयारी ठेवा. मी निवृत्ती घेतली तेव्हा सिद्धेश्वर तलावाकाठी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी आवाज खाली करून विचारले, “साहेब, काही चौकशी-बिवकशी लागली होती का?” आईला तर फारच जड गेले, कारण गिरणी बंद पडली तेव्हा माझे वडीलही पन्नाशीच्या आसपासच घरी बसले होते आणि तिच्या लेखी या वयात घरी बसणे म्हणजे संकट. चित्रे विकून खर्च निघेल, हा हिशेब मात्र करू नका. मी एकदा प्रदर्शन भरवले, चार चित्रे विकली गेली आणि चौकटींचा खर्चही निघाला नाही.

राजीनाम्याआधी एक करून पाहा. साठलेल्या रजेतून सलग तीन आठवडे घ्या, एकच गाव निवडा आणि दोघे तेथे राहा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत असली की पहिल्या आठवड्याच्या जेवणाची चिंता नसते, आणि राज्यातले गाव निवडलेत तर वहिनींना एसटीचे तिकीटही अर्धे पडेल. बाराव्या-तेराव्या दिवशी, गाव पाहून संपल्यावर, तुम्ही वही उघडता की परतीच्या गाड्या शोधू लागता, ते पाहा. आणि वहिनी त्या दुपारी काय करतात, तेही पाहा, कारण माझी पत्नी पहिल्या मुक्कामात अकराव्या दिवशी कंटाळली होती आणि तेव्हापासून आम्ही तिच्या आवडीची गावे आधी ठरवतो.