ट्रान्सप्लांटनंतर बीके विषाणू सापडला म्हणून डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. याने किडनी रिजेक्ट होणार नाही का?

आपल्या थोरल्या भावाला आईची किडनी बसवून पाच महिने झाले, क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) १.२ वरून १.८ वर गेले, रक्तात बीके विषाणू सापडला आणि डॉक्टरांनी मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची मात्रा निम्मी केली, असे आपण लिहिले आहे. मी मूत्रपिंडविकारांचा डॉक्टर आहे आणि आपली भीती मला पूर्णपणे समजते, कारण एकही गोळी चुकवायची नाही हे आम्हीच रुग्णांच्या मनावर बिंबवत असतो. तरीही या आजारात गोळ्या कमी करणे हाच मुख्य उपचार आहे.

या विषाणूचा संसर्ग बहुतेकांना लहानपणीच नकळत होऊन जातो आणि पुढे तो मूत्रपिंडात व मूत्रमार्गात आयुष्यभर निपचित राहतो. निरोगी माणसात टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, त्याला डोके वर काढू देत नाहीत. परंतु टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड या गोळ्या नव्या किडनीच्या रक्षणासाठी नेमक्या त्याच पेशींना दाबून ठेवतात, त्यामुळे विषाणू वाढू लागतो, आधी लघवीत आणि काही आठवड्यांनी रक्तात दिसतो, व वेळीच आवरला नाही तर किडनीच्या नलिकांच्या पेशी नष्ट करतो. पुष्कळदा तो दात्याच्या किडनीतूनच आलेला असतो, पण म्हणून आईच्या किडनीत काही दोष होता असे मुळीच नाही. ही रुखरुख त्यांच्या मनात असेल तर कृपया दूर करा.

ट्रान्सप्लांटनंतर डोके वर काढणाऱ्या सायटोमेगॅलो या दुसऱ्या विषाणूवर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे परिणामकारक औषध आहे. बीकेवर असे खात्रीचे औषध अद्याप नाही. लिव्होफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचा प्रयोग झाला, पण त्याचा उपयोग दिसला नाही. म्हणून शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला थोडी मोकळीक देणे हाच मार्ग उरतो.

रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्याचा, धोका मात्र खोटा नाही. क्रिएटिनिन रिजेक्शनमध्येही वाढते आणि तेथे उपचार नेमका उलटा, म्हणजे प्रतिकारशक्ती आणखी दाबण्याचा असतो. त्यामुळे शंका असेल तेव्हा बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी, करावी लागते. डॉक्टरांनी ती सुचवली तर घाबरून टाळू नका. रक्तातील विषाणूची संख्या किती आहे, टॅक्रोलिमसची पातळी किती आहे आणि पुढची तपासणी कधी, हे तीन प्रश्न त्यांना अवश्य विचारा. एका मिलिलिटर रक्तात विषाणूच्या दहा हजारांहून अधिक प्रती सातत्याने आढळत असतील तर किडनीला इजा होत असावी असे सामान्यतः धरले जाते. या काळात क्रिएटिनिन दर एक-दोन आठवड्यांनी आणि पीसीआर (रक्तातील विषाणू मोजणारी चाचणी) दर दोन ते चार आठवड्यांनी केले जाते. हा विषाणू ताप किंवा वेदना देऊन सूचना करत नाही, म्हणून भावाला बरे वाटते आहे या कारणाने तपासणी पुढे ढकलू नये.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल, काढे किंवा तत्सम चूर्णे घरात कोणी सुचवत असेल तर ती देऊ नका. टी पेशींना किती मोकळीक द्यायची हे गोळ्यांच्या मात्रेने मोजून ठरवता येते, काढ्याने नाही. तसेच डॉक्टरांनी एक गोळी कमी केली म्हणून दुसरी आपल्या मनाने कमी करू नका. विषाणू रक्तातून जायला कित्येक आठवडे, कधी काही महिनेही लागतात. पहिल्या एक-दोन अहवालांत संख्या फारशी उतरली नाही तरी उपचार फसला असे समजू नये.