गव्हाच्या पहिल्या पाण्यालाच डीपी का जळते?

सांवेर तालुक्यातल्या एका काकांनी विचारले आहे: "आमच्या २५ केव्हीएच्या डीपीवर सात जणांच्या मोटरी आहेत. खरिपात काही होत नाही, पण गव्हाचे पहिले पाणी सुरू झाले की दर वर्षी डीपी जळते. माल हलका येतो का?"

काका, एखादी डीपी, म्हणजे बांधावरचा ट्रान्सफॉर्मर (त्याची क्षमता केव्हीएमध्ये मोजतात), हलकी निघू शकते. पण दर वर्षी त्याच दिवसांत जळते म्हणजे कारण तिच्यावरच्या भारात आहे. हिशेब करून पाहू.

खंडव्याकडच्या सिंगाजी केंद्रात किंवा ओंकारेश्वरच्या धरणावर तयार झालेली वीज आधी २२० किंवा ४०० केव्हीपर्यंत (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) चढवतात. मग ती १३२, ३३, ११ केव्ही अशी उतरत उतरत तुमच्या बांधावर येते आणि डीपी तिला ४३३ व्होल्टवर आणते. एवढी चढउतार कशासाठी? तारेत तापून वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाने वाढते. ११ केव्ही हे ४३३ व्होल्टच्या सुमारे २५ पट आहे. म्हणजे तेवढ्याच विजेसाठी प्रवाह २५ पट कमी लागतो आणि त्याच तारेतले नुकसान ६२५ पट घटते.

डीपीच्या टाकीत पातळ पोलादी पत्र्यांचा गाभा असतो आणि त्यावर तारेची वेटोळी. ११ केव्हीचे वेटोळे आणि आपल्याकडचे वेटोळे एकमेकांना कुठेही जोडलेले नसते. वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, तसे गाभ्यातले चुंबकत्व पालटत राहते आणि त्या पालटण्यातून दुसऱ्या वेटोळ्यात वीज उपजते. फेरे कमी, तेवढे व्होल्टेज कमी आणि प्रवाह जास्त. २५ केव्हीएची डीपी पूर्ण भारावर ११ केव्हीकडून जेमतेम १.३ अँपिअर घेते आणि आपल्याला ३३ अँपिअर देते. त्याहून जास्त ओढले तरी ती लगेच बंद पडत नाही. ती तापते.

आता ५ एचपीची मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते. चार मोटरी म्हणजे ३० अँपिअर, इथेच डीपी भरली. सातही चालल्या तर ५० च्या वर. शिवाय सुरू होताना मोटर काही क्षण पाच-सहा पट प्रवाह ओढते. ऑटो स्टार्टर लावून आपण घरी झोपतो, लाईट येते आणि सातही मोटरी एकाच क्षणी उठतात. खरिपात पाऊस असतो, मोटरी बंद असतात, म्हणून डीपी टिकते.

जळते ते तारेवरचे कागदी वेष्टन. टाकीतले ऑईल त्याला थंडही ठेवते आणि वीज फुटण्यापासूनही वाचवते. वेष्टनाचे तापमान नेहमीच्या मर्यादेपेक्षा सहा-आठ अंशांनी वाढत राहिले, तर त्याचे आयुष्य निम्म्यावर येते. ऑईल गळत असेल तर आणखी लवकर. टाकीखालची जमीन तेलकट दिसली किंवा ब्रीदरमधले, म्हणजे टाकीत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतले, निळे दाणे गुलाबी झाले, म्हणजे त्यांनी ओल धरली, की लगेच वीज कंपनीच्या १९१२ या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवा. जळायची वाट पाहू नका.

यावर माझे स्पष्ट मत सांगतो. कागदावर ३ एचपी आणि विहिरीत ५ एचपी, हे आपल्याकडे फार चालते. डीपी किती केव्हीएची बसवायची हे नोंदलेल्या भारावरून ठरते. सातही जणांनी खरा भार नोंदवून एकत्र अर्ज द्यावा, तरच ६३ केव्हीएची मागणी टिकेल. तोवर चार-तीन अशी पाळी लावा, ऑटो स्टार्टर काढा आणि ५ एचपीच्या प्रत्येक मोटरीला २ केव्हीएआरचा, ३ एचपीला १ चा कॅपॅसिटर बसवून घ्या. तो स्टार्टरच्या पुढे, मोटरीच्या बाजूला हवा. त्याने डीपीवरचा प्रवाह कमी होतो आणि व्होल्टेज थोडे सावरते.

देपालपूरजवळच्या एका ताई लिहितात: "मोटर नुसती घुमते, फिरत नाही. खोलीवरचा दिवा मात्र लागतो."

ताई, घुमणारी मोटर लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. मग सगळ्यांच्या मोटरी बंद ठेवून वायरमनकडून तिन्ही फेजवर एकेक साधा बल्ब लावून पाहा. एक बल्ब अजिबात लागला नाही, तर आपल्या बाजूचा फ्यूज गेला आहे. एक लख्ख आणि दोन मंद दिसले, तर ११ केव्हीकडचा एक डीओ, म्हणजे खांबावरचा जळला की खाली लोंबणारा फ्यूज, पडला आहे. डीपीच्या वेटोळ्यांची जोडणीच अशी असते की वरचा एक फेज गेला की खाली दोन फेज निम्म्यावर येतात. तिन्ही सारखेच मंद असतील तर व्होल्टेज कमी आहे. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. ४१५ ऐवजी ३४० व्होल्ट मिळाले की दोन-तृतीयांश जोर उरतो.

महूकडच्या एका तरुणाने विचारले आहे की डीओ बांबूने चढवला आणि किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या चिनी मातीच्या खाचेत, जाड तार घातली तर चालेल का. नाही, भाऊ, अजिबात नाही. ओला बांबू वीज वाहतो आणि वर ११,००० व्होल्ट असतात. फ्यूज जळतो म्हणून डीपी वाचते. जाड तार घातली की फ्यूजच्या जागी डीपी जळते. लाईनमन येईपर्यंत थांबा.

आणि डीपी बदलून येईपर्यंत पाणी कोणाला द्यायचे, हेही काकांनी विचारले आहे. शेजारच्या डीपीवरून थोडे पाणी मिळत असेल, तर ज्यांच्या गव्हाला पेरून २० ते २५ दिवस झाले आहेत त्यांना आधी द्या. या दिवसांत मुकुटमुळे फुटतात. हे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि पुढच्या पाण्याने ते भरून निघत नाही. काळ्या जमिनीतला हरभरा ओल धरून असेल तर त्याला थांबवता येईल. त्याला फुलोऱ्याच्या आधी एक पाणी द्या, ऐन फुलोऱ्यात देऊ नका.