रिटायर झालेले डेंटिस्ट काय करतात? समाजसेवेत त्यांचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की डेंटल कॉलेजातून शिकून जन्मभर प्रॅक्टिस केलेली मंडळी रिटायर झाल्यावर काय करतात, आणि चेअर-मशीन नसताना लोकांना त्यांचा काही उपयोग होतो का. मी स्वतः डेंटिस्ट, प्रॅक्टिस आता बंद केलीय आणि आमच्या बॅचचे बरेच जण काही ना काही करत असतात, त्यामुळे जवळून बघितलेलं सांगते.

आधी हे सांगायला हवं की आमच्यातले खूप जण वय झालं म्हणून थांबत नाहीत, मान आणि कंबर थांबवते. वर्षानुवर्षं एका बाजूला वाकून काम केलेलं असतं, नंतर मनगट दुखतं, बारीक दिसत नाही, मग रूट कॅनालसारखं तासभराचं काम नको वाटतं. पण टॉर्च मारून तोंडात बघितलं की काय चाललंय ते लगेच कळतं, ते काही जात नाही, आणि समाजसेवेला बहुतेक वेळा तेवढंच लागतं.

लोकांच्या डोळ्यासमोर समाजसेवा म्हटलं की कॅम्प येतो. एक दिवस, भली मोठी रांग, दाढा काढा आणि गाडीत बसा. माझं याबद्दल स्पष्ट मत आहे, नुसत्या अशा कॅम्पने काम अर्धवट राहतं. दाढ काढल्यावर त्या खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेली तर दोन ते चार दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो, आम्ही त्याला ड्राय सॉकेट म्हणतो, आणि तोपर्यंत कॅम्पवाले कधीच निघून गेलेले असतात, मग त्या माणसाने जायचं कुठे? आमच्या एका वर्गमित्राने कॅम्पवाल्यांना अटच घातली की नंतरचा आठवडाभर पेशंट तो बघणार, त्याशिवाय दाढ काढायची नाही. प्रॅक्टिस चालू असताना आमच्यापैकी कुणाला हे जमलं नसतं. रिटायर माणसाकडे वेळ असतो, तो त्याच जागी पुन्हा जाऊ शकतो, मला तर हाच त्याचा सगळ्यात मोठा उपयोग वाटतो.

आणि मशीन लागतंच असं नाही. एआरटी नावाची पद्धत आहे, १९८०च्या दशकात टांझानियात सुरू झाली आणि १९९४ पासून जागतिक आरोग्य संघटनेने तिचा प्रसार केला. यात ड्रिल नाही, वीज नाही, बहुतेक वेळा इंजेक्शनही नाही, हातातल्या अवजारांनी मऊ झालेली कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. दुसरं म्हणजे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध, किडलेल्या जागी ब्रशने थेंबभर लावायचं, कीड बऱ्याचदा तिथेच थांबते. फक्त किडलेला भाग काळा पडतो, ते आईवडिलांना आधीच सांगायचं नाहीतर उगाच घाबरतात. हे औषध आणि ते ग्लास आयोनोमर सिमेंट, दोन्ही २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली.

शाळांमध्ये तर फारच करण्यासारखं आहे. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते, ती कुठलाही दात न पडता येते त्यामुळे घरच्यांना वाटतं ही पण दुधाचीच, पडेल आपोआप, आणि ती किडून जाते. जन्मभर टिकायची दाढ हो! पालकांना आरसा देऊन पोराच्या तोंडात ती दाढ दाखवली तर पाच मिनिटांत कळतं, पण ती पाच मिनिटं गर्दीच्या ओपीडीत कोण देणार.

वृद्धाश्रम हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, कारण तिथे कुणी बघतच नाही. कवळी रात्री काढून ठेवायची, घासायची, तिच्यावर नाव घालायचं म्हणजे अदलाबदल होत नाही, इतकी साधी कामं. पण ती जिवाशी निगडित आहेत, तोंडातले जंतू झोपेत फुप्फुसात उतरतात. जपानमधल्या नर्सिंग होममध्ये झालेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, दोन वर्षांत नेहमीसारख्या ठेवलेल्या गटात १९ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला आणि दात-तोंड नीट साफ ठेवलेल्या गटात ११ टक्के. म्हणून मी तिथे गेले की आजी-आजोबांच्या आधी सांभाळणाऱ्या बायकांना शिकवते, कारण रोज रात्री तिथे त्याच असतात.

बाकी कुणी कॉलेजात जाऊन पोरांच्या पहिल्यावहिल्या इंजेक्शनच्या वेळी शेजारी उभे राहतात, कुणी बॅचकडून वर्गणी काढून एखाद्याची फी भरतात, ज्यांना हे काहीच नको ते बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात, तेही बरोबरच आहे, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वेदना ऐकल्यात त्यांनी.

तुमच्या ओळखीत असे कुणी असतील आणि त्यांना बोलवायचं मनात असेल तर आधी विचारा की रजिस्ट्रेशन चालू ठेवलंय का. चालू असेल आणि अवजारं निर्जंतुक करायची सोय असेल तरच उपचार, नाहीतर तपासणी आणि शिकवणं, त्याचेही नियम तिथले बघून घ्या. तपासणीत दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं यातलं काहीही दिसलं तर पुढे कुठल्या हॉस्पिटलात पाठवायचं ते आधीच ठरवून ठेवा. आणि एकदाच मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा महिन्यातला एक वार ठरवून मागा, बहुतेक जण हो म्हणतील.